‘बेन-हर’: घोडे पळाले, शर्यत कुठे गेली?

प्रश्न : सर, २०१६चा ‘बेन-हर’ परवा घरी बघितला. जुन्या सिनेमातल्या रथांच्या शर्यतीबद्दल वडिलांकडून इतकं ऐकलं होतं, की हौसेने बसलो आणि अर्ध्यातच जांभया यायला लागल्या. दहावीतला मुलगा म्हणतो, १९५९चा तर साडेतीन तासांचा आहे, तो आणखी रटाळ असणार. एवढा पैसा हाताशी असून नवा फसला का? की आपलं नेहमीचंच, जुनं ते सोनं?
– एक वाचक, कराड

उत्तर : जुनं ते सोनं माझ्यापुढे म्हणू नका. उभा जन्म संकलनाच्या टेबलावर गेलाय, जुन्यातला पुष्कळ कचरा या हातांखालून गेला आहे. आणि १९५९चा सिनेमाही रिमेकच. लू वॉलेसच्या १८८०च्या कादंबरीवर १९२५ साली मोठा मूकपट आला. त्याच्या शर्यतीच्या चित्रीकरणात जे ढीगभर सहाय्यक राबत होते, त्यांत विल्यम वायलर नावाचा एक तरुण होता. पुढे त्यानेच बोलका ‘बेन-हर’ केला आणि ११ ऑस्कर मिळवली.

नव्याचं घोडं पेंड खातं ते कात्रीपाशी. जुनी शर्यत नऊ फेऱ्यांची. मैदानाच्या मधोमध नऊ मोठे धातूचे मासे उभे आहेत, फेरी संपली की एक मासा खाली कलंडतो. बस्स, एवढीच युक्ती. पण त्यामुळे किती फेऱ्या उरल्या, नायक ज्यूडा बेन-हर कुठे, त्याचा बालमित्र आणि आता वैरी झालेला मेसाला कुठे, हे आपल्याला सतत ठाऊक असतं. मेसालाच्या चाकाला दाते आहेत, ते आता कुणाच्या चाकाला लागणार म्हणून आपण खुर्चीच्या टोकावर येतो. सुमारे नऊ मिनिटं पार्श्वसंगीत नाही, फक्त टापा, चाकं आणि गर्दीचा गलका. मोडक्या रथावरून ज्यूडाचा रथ उडतो आणि सारथी पुढे फेकला जातो ना, ते खरंच तसं घडलं होतं. ज्यूडा झालेल्या चार्ल्टन हेस्टनच्या जागी जो कॅनट नावाचा स्टंटमन रथ हाकत होता, हनुवटी फुटण्यावर निभावलं. तो तुकडा टाकून न देता त्याला हेस्टन कठड्याला धरून परत आत चढतो असा क्लोजअप जोडला. त्या जोडाला मी आजही हात जोडतो.

नव्याचा दिग्दर्शक तिमूर बेकमाम्बेतोव यानेही इटलीत जाऊन खरे घोडे पळवले, कॅमेरे पार चाकांपाशी नेले. पण धूळ, टाप, फेसाळलेलं तोंड, पुन्हा धूळ! कोण पुढे आहे हे डोळ्याला उमगायच्या आत पुढचा कट. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात, आणि जगभरची तिकीटविक्री तेवढीही नाही.

गोष्टीचंही तेच. जुन्यात मरायला टेकलेला मेसाला पाय कापायला आलेल्या वैद्यांना थोपवून धरतो, कारण ज्यूडासमोर अर्ध्या देहाने पडायचं नसतं. आणि शेवटच्या श्वासात सांगतो : तुझी आई-बहीण जिवंत आहेत, जा, कुष्ठरोग्यांच्या दरीत शोध. केवढं ते वैर! नव्यात मेसाला एका पायावर वाचतो, थोडी तणतण करतो आणि दोघे गळ्यात गळा घालतात. क्षमा दाखवायला माझी ना नाही, पण वैर नीट पेटू दिलं असतं तर ती क्षमा पटली असती. दोन तासांत सगळं उरकायचं म्हटल्यावर वाट बघायला लावणारं तेवढंच नेमकं छाटलं गेलं.

मुलाला जुना दाखवताना मोबाइलवर नको. त्या चित्राची रुंदी उंचीच्या पावणेतीनपट आहे, मोबाइलवर नुसती फीत दिसेल. आणि घाई असेल तर मध्यंतरानंतरचा भाग लावा, शर्यत तिथे आहे.

प्रश्न : नव्यात घेण्यासारखं काहीच नाही का?
– एक वाचिका, पणजी

उत्तर : आहे. समुद्रातली लढाई. कॅमेरा वल्ही मारणाऱ्या गुलामांबरोबर गलबताच्या पोटात राहतो. बाहेर काय चाललंय ते फटींतून दिसेल तेवढंच, बाकी आवाजावरून ओळखायचं. जुन्यातली गलबतं म्हणजे हौदातली खेळणी, हे आज पोरसुद्धा सांगेल (वल्ह्यांचा वेग ठोक्यागणिक वाढवत नेण्याचा प्रसंग मात्र जुन्यातलाच सरस). तेव्हा लढाईपर्यंत खुशाल बघा. पुढे मॉर्गन फ्रीमन जटा वाढवून येतो, तिथून तुमचं तुम्ही ठरवा.