बॉण्ड मिनीकारला रिव्हर्स गिअर नव्हता, मग ती मागे कशी घेत?

बहुतेक वेळा मागे घ्यावीच लागत नसे. इंग्लंडमधल्या प्रेस्टनला १९४९पासून बनणाऱ्या या तीनचाकीचं व्हिलियर्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन (सुरुवातीला १२२ सीसी, पुढे १९७) पुढच्या एकुलत्या चाकाच्या मांडणीवरच बसवलेलं असे. स्टिअरिंग फिरवलं की चाक, चेन आणि इंजिन सगळंच वळे. मार्क सी मॉडेलपासून चाक दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंत वळू लागलं, म्हणजे गाडी जागच्या जागी फिरे. नाहीतर उतरून ढकला! हलकी असल्याने ते सहज जमे.

नंतरच्या डायनास्टार्टवाल्या (म्हणजे स्टार्टर आणि डायनॅमो एकाच यंत्रात असलेल्या) गाड्यांत युक्ती वेगळी: इंजिन बंद करायचं आणि स्टार्टरने उलट्या दिशेने सुरू करायचं. टू-स्ट्रोकला ते चालतं, फक्त स्पार्कचं टायमिंग उलट्या फेऱ्याला जुळायला हवं. ते नीट लागलेलं नसेल तर इंजिन उलटं धरतच नाही.

रिव्हर्स नसण्यामागे पैसा वाचवणं होतंच, पण त्या काळच्या ब्रिटनमध्ये रिव्हर्स नसलेली हलकी तीनचाकी मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता येई, हा खरा फायदा.

आज चालवायची असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल २०:१ प्रमाणात, ५ लिटरला २५० मिली. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.