आपले प्रश्न : मागच्या चाकाची रिम

प्रश्न : साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे मी सामान लादून नेहमी गियरच्या सायकलने जातो. मागचे चाक वर्षात दोनदा आउट झाले, म्हणजे फिरताना डगमगू लागले, आरेही तुटले. कोणती रिम घ्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुहेरी भिंतीची, ३६ आऱ्यांची ॲल्युमिनियमची रिम घ्यावी, मात्र तुंबाही (चाकाचा मधला भाग, ज्यात आरे अडकवतात) ३६ छिद्रांचाच लागेल. स्टीलची रिम स्वस्त असली, तरी पावसात त्यावर ब्रेक नीट धरत नाही, आणि घाट उतरताना ती काटकसर महागात पडते. रिमचे माप टायरवरच्या आकड्यांशी जुळवावे. ३७-६२२ लिहिले असेल, तर रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटरचाच हवा.

तरीही आरे तुटतात ते बहुधा रिममुळे नव्हे, तर ढिले किंवा कमीजास्त ताणलेले असल्यामुळे. गियरच्या बाजूचे आरे मुळातच अधिक ताणलेले असतात. म्हणून एकाच बाजूचे आरे बोटाने छेडून पाहावेत, त्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. नव्या चाकाचा आउट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा काढून घ्यावा. ब्रेकचे रबर रिमवर दाबले जाणाऱ्या प्रकारचे असल्यास रिमच्या कडेवर नख फिरवावे. खोलगट लागली, तर रिम बदलावी.