सराफ बाजारातले जुने वाडे पाडलेलेच बरे का?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या सराफ बाजार, भांडी बाजारातल्या जुन्या इमारतींत बघण्यासारखं काही आहे का, की धोकादायक म्हणून त्या पाडलेल्याच बऱ्या.

बघण्यासारखं भरपूर आहे. दुकानं उघडायच्या आत जा आणि मान वर ठेवा, खाली नुसते बोर्ड दिसतील. पेशवेकालीन सरकारवाड्यापासून सुरुवात करा, मग तांबट लेन, भांडी बाजार, दहीपूल.

पाडलेलं बरं, हे मात्र साफ चूक. आमचा वाडा भांडी बाजारामागच्या बोळात होता. खाली पितळी भांड्यांचं दुकान, मागे चौक, वर माडी. दुकानाला शटर नव्हतं, सागाच्या नऊ फळ्या होत्या, प्रत्येकीवर पटाशीने आकडा कोरलेला. रात्री आजोबा आकडा पुकारायचे, मी ती फळी खाचेत सरकवायचो. पावसाळ्यात चौथी फुगायची, म्हणून तिच्या कडेला मेणबत्ती घासलेली असे.

1994 साली काकांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. पांढऱ्या मातीचे पोपडे पडायचे, ते कायमचे थांबवायचे होते. मातीच्या भिंतीत ओल शिरते आणि चुन्यातून निघूनही जाते. सिमेंटने ती कोंडली. तुळयांची टोकं भिंतीतच रुतलेली असतात, ओल तिथे मुरली. मग ऑगस्ट 2016 चा पूर. गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात तो नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी, आमच्या दुकानात कमरेएवढं. पाणी ओसरल्यावर माडी एका अंगाला दबली आणि नोटीस आली. मी तुळईच्या टोकाला बोट लावलं तर दोन पेरं आत गेलं. हातभर अलीकडे ठोकलं तर खणखणीत. काका म्हणाले, "सगळं लाकूड कुजलंय."

वाडा पाडला तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्याने टोकं कापून टाकली आणि बाकीच्या तुळया, सुरूच्या झाडासारख्या घाटाचे खांब, त्या नऊ फळ्यासुद्धा रोख मोजून ट्रकमध्ये घातल्या. कुजलेल्या लाकडाचे पैसे कोण देतं?

तुमचा स्वतःचा वाडा असेल तर सिमेंट खरवडून चुना लावा, दर मे महिन्यात पन्हाळी साफ करा, तुळयांची टोकं ठोकून बघा. टोक कुजलं तर तेवढंच नवं सांधता येतं. भिंतीला पोट सुटलं असेल तर मात्र माझं ऐकत बसू नका, आधी माणसं बाहेर काढा. आणि हिस्सेदार सहा, त्यात पागडीचे भाडेकरू, असं असलं की साधी पन्हाळ बदलायलाही वर्ष जातं, हेही खरं. आमच्याकडे तेच झालं.

काका अजून म्हणतात, पाडला नसता तर कुणाच्या तरी डोक्यावर पडला असता. 2016 नंतर पडला असता, मान्य. पण 1994 ला चुन्याचा गिलावा करा म्हणून आजोबा दोन महिने सांगत होते, ते त्यांनी ऐकलं नाही.