प्रश्न तुमचे, उत्तर आर्मोररचं: रिव्हॉल्वर की पिस्तूल?

प्रश्न: आमची सांगली जिल्ह्यात छोटी सराफी पेढी आहे. यजमान गेल्यापासून रात्री दागिन्यांची पेटी मीच घरी आणते. हत्यार परवाना मंजूर झालाय. भाचा म्हणतो पिस्तूल घे, गोळ्या जास्त बसतात. माझं वय ५४, उजवा अंगठा संधिवाताने दुखतो. पर्समध्ये काय ठेवू?

उत्तर: ताई, तुमच्या अंगठ्यानेच निम्मं उत्तर दिलंय. पिस्तुलाची पहिली गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढवायला स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, चिमटीत धरून मागे ओढावी लागते. परवान्यावर मिळणाऱ्या .३२ (नळीचं इंचातलं माप) पिस्तुलांत गोळीचा धक्का बहुधा स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांवरच पेलला जातो, म्हणून ती स्प्रिंग कडक असते. पोलीस खात्यात मी आर्मोरर म्हणून चौतीस वर्षं हत्यारं सांभाळली. धडधाकट शिपाईसुद्धा स्लाइड अर्धवट ओढून गोळी अडकवताना पाहिलेत. रिव्हॉल्वरचा चापही जड असतो, पण तो तर्जनीने ओढायचा.

दुसरं, काडतुसं. तुमची गोळी वर्षानुवर्षं तशीच पडून राहणार. ती फुसकी निघाली तर रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढा, चक्री फिरून पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात तीच स्लाइड पुन्हा ओढा, तीही दुसरा हात पेटीत गुंतलेला असताना. काडतुसं घेताना नुसतं ‘.३२’ सांगू नका. रिव्हॉल्वरचं लांब, बुडाला कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

आमच्या कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, एका हवालदाराने मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढलं, पिस्तूल रिकामं समजून चाप ओढला. चेंबरमधली गोळी सुटली. नळी वाळूच्या पोत्यांकडे होती म्हणून कुणाला लागली नाही. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. रिव्हॉल्वर उघडलं की सहाही घरं डोळ्यांना दिसतात. वर्षातून एखाद्या वेळी सराव करणाऱ्या माणसाला मी म्हणूनच रिव्हॉल्वर सुचवतो. भाच्याच्या जास्त गोळ्या नियमित सराव करणाऱ्याच्या कामाच्या.

आता कुठलं? कानपूरचं २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ अर्धा किलोच्या आसपास, नळी खाली मोडून उघडतं. २०२३ चं ‘प्रबल’ जरा जड, त्याची चक्री बाजूला निघते. दोन्ही दुकानात रिकामी करून हातात घ्या, उघडा, मिटवा. अंगठा ज्याला कुरकुरणार नाही ते घ्या. आधी परवान्यावर कशाची नोंद आहे तेही वाचा.

पर्समध्ये मात्र नको. चोर आधी पर्सच हिसकावतो, मग हत्यार त्याच्या हातात. कमरेला होल्स्टरमध्ये, पदराखाली किंवा ओढणीखाली पूर्ण झाकून ठेवा. उघडं मिरवायला नियमांचीही मनाई आहे. घरी पोचल्यावर गोळ्या वेगळ्या, हत्यार वेगळं, दोन्ही कुलपात.

आणि ती पेटी रोज त्याच वेळी, त्याच गल्लीने, एकटीने नेत असाल तर हत्यार येण्याची वाट पाहू नका. उद्यापासून पेढीवरच्या माणसाला सोबत घ्या.