पंच (ठोसा) येताना डोळे मिटतात, म्हणून शनिवारी मार खायला उभी राहू नकोस

तू लिहिलंयस की बॉक्सिंग शिकायला लागून चार महिने झाले, बॅगवर हात चांगला चालतो, पॅडवर सर शाबासकी देतात. पण स्पॅरिंगला (जोडीदारासमोरच्या सरावाच्या लढतीला) उभी राहिलीस की समोरच्याचा नुसता खांदा हलला तरी तुझे डोळे मिटतात, मान वळते आणि दोन्ही हात पुढे ताठ होतात. आता सर म्हणतायत की शनिवारी एका सीनियर मुलासमोर तीन राउंड उभी करतो, म्हणजे भीती एकदाची मोडेल. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. वयाने मोठी आहे, म्हणून एकेरीतच लिहिते.

शनिवारी उभी राहू नकोस. बॉक्सिंग सोडूही नकोस.

मी डॉक्टर नाही, कोचही नाही. एकोणतिसाव्या वर्षी हातात ग्लोव्ह्ज घातले, त्याला आता नऊ वर्षं झाली. चार लहान स्पर्धा खेळले, बाकी सगळं हौसेचं. त्यामुळे हे एका माणसाच्या अनुभवाएवढंच धर. पाय कसे ठेवायचे, बँडेज कसं बांधायचं, हनुवटी कुठे असावी हे तुला येतं असं गृहीत धरते.

मी पुण्यात ज्या क्लबात शिकायला गेले (नाव घेत नाही), तिथे दर गुरुवारी सगळ्यांची मोकळी स्पॅरिंग असायची. तिसऱ्याच आठवड्यात मला माझ्यापेक्षा दहा-बारा किलोंनी जड मुलासमोर उभं केलं. कारण हेच, भीती मोडायची. पहिल्या राउंडमध्ये नाकावर एक बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कडेच्या मुलांना वाटलं मी रडतेय. कुणीतरी ‘सोड तिला’ म्हणालं आणि ते मला इतकं लागलं की मी स्वतःच पुढचा राउंड मागितला. त्यात कानाच्या वर एक हुक (बाजूने वळून येणारा पंच) बसला. तो मला दिसलाच नाही, कारण मी मान वळवलेली होती.

त्या रात्री डोकं जड, मळमळ, ट्यूबलाइटचा उजेड नको झालेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकच ओळ तीनदा वाचत होते. शनिवारी सरांनी विचारलं, ‘काय, बरं आहे ना?’ मी म्हणाले, ‘हो सर, एकदम.’ आणि त्या दिवशी परत रिंगमध्ये गेले. नऊ वर्षांतली माझी सगळ्यात मोठी चूक कोणती म्हणशील तर ते दोन शब्द, ‘हो सर’. मेंदूला एकदा हादरा बसल्यावर तो पुरता सावरायच्या आत दुसरा बसणं फार धोक्याचं असतं, कधी जिवावरही बेतू शकतं. हौशी स्पर्धांच्या नियमातसुद्धा डोक्याला मार लागून बाउट (लढत) थांबली तर खेळाडूला किमान ३० दिवस रिंगबाहेर ठेवतात. मी तिसऱ्या दिवशी आत गेले होते. नशीब म्हणून पुढे फक्त सहा आठवड्यांच्या डोकेदुखीवर निभावलं.

डोकेदुखी गेली, पण भीती दुप्पट झाली. पीएमपीच्या बसमध्ये शेजारच्याने वरचा दांडा धरायला हात उचलला तरी मी दचकून मान फिरवायची. स्वयंपाकघरात नवऱ्याने फळीवरचा डबा काढायला हात वर केला की डोळे मिटायचे, आणि तो बिचारा ओशाळायचा. हे जायला मला दीड वर्ष लागलं. म्हणून ‘मार खाल्ल्याशिवाय भीती जात नाही’ हे वाक्य कुणी फेकलं की माझं डोकं फिरतं. न दिसलेला, न पेलणारा मार खाऊन शरीर एकच शिकतं, की पुढच्या वेळी याहून लवकर डोळे मिटायचे.

डोळे मिटणं हा भित्रेपणा नाही. चेहऱ्याकडे काही वेगाने आलं की पापणी मिटते, ती शरीराची तजवीज आहे. नाकावर बसला की पाणी येतं, त्याचाही रडण्याशी संबंध नाही. रिंगमध्ये त्रास पापणी मिटण्याने होत नाही, ती मिटलेलीच राहण्याने आणि मान वळण्याने होतो. मग पुढचा पंच दिसत नाही, आणि न दिसलेला पंचच जास्त हादरवतो.

मला यातून बाहेर काढलं ते खडकीत शिकवणाऱ्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका सरांनी. पहिला महिना त्यांनी मला कुणाला मारूच दिलं नाही. समोरची मुलगी सोळा औंसाचे ग्लोव्ह्ज घालून माझ्या गार्डवर (चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांवर) संथ जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) टाकायची, टपली मारावी इतपत. माझं काम एकच, तिच्या छातीकडे बघत राहायचं आणि प्रत्येक जॅबला नाकातून ‘स्स’ करून श्वास सोडायचा. ग्लोव्हकडे बघायचं नाही. ग्लोव्हकडे बघितलं की तो मोठा होत अंगावर येतो, छातीकडे बघितलं की खांदा हललेला आधी कळतो. हा श्वास मला सगळ्यात उपयोगी पडला. भीतीने आपण श्वास कोंडतो, अंग लाकडासारखं होतं आणि हलका पंचही जड लागतो. तुझे हात ताठ होतात त्याचं मूळही बहुतेक यातच आहे.

मग त्यांनी तेच जॅब हेडगार्डच्या कपाळावर हलकेच टेकवायला लावले. मी हाताने बाजूला सारायचे. त्यानंतर फक्त जॅबचे राउंड, दोघींनाही दुसरा पंच बंद. मग फक्त छातीखाली, डोकं वर्ज्य. पोटावर मार खायला शिकणं तुलनेने सोपं असतं, आणि ‘लागलं तरी मी उभी आहे’ ही खात्री तिथे मिळते. डोक्याची साधी स्पॅरिंग मी चौथ्या महिन्यात केली, तीही तीस-चाळीस टक्के जोरात.

यात त्यांचा एक नियम होता, तो मी आता माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला लावते. एक घेतलास की लगेच एक द्यायचा. बसला तरी, चुकला तरी, नुसता हवेत गेला तरी चालेल. लागल्यावर थिजण्याची जी सवय असते ती या उत्तराने सुटत जाते. आणि अंतर बघ. माझी अर्धी भीती म्हणजे खरं तर अर्ध्या पावलाची चूक होती. मी नेमकी समोरच्याच्या पंचाच्या टोकावर उभी राहायची, ना आत, ना बाहेर.

जोडीदार कोण आहे यावर तर सगळं अवलंबून आहे. लोकांना वाटतं नवख्याने नवख्यासमोर उभं राहावं. मला उलट वाटतं. दोन नवखे घाबरले की दोघंही डोळे मिटून पूर्ण ताकदीने हाणतात. मुरलेला खेळाडू पंच कपाळावर आणून थांबवू शकतो. म्हणजे सीनियर मुलगा हा मुळात प्रश्न नाही. तो हात आखडता घेणारा आहे का आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबतो का, हे विचार.

हेडगार्ड आहे, मग काय होतंय, असंही कुणी म्हणेल. हेडगार्डमुळे भुवई फुटणं, खरचटणं वाचतं. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष हेडगार्डशिवाय खेळले, तेव्हा यावर बराच वाद झाला होता. हेडगार्ड तू घालच, पण त्याच्या भरवशावर जोराची स्पॅरिंग करू नकोस. माउथगार्ड दातांच्या डॉक्टरकडून मापाचा करून घे. गरम पाण्यात बसवायचा स्वस्तातला माझा सारखा सुटायचा, म्हणून तोंड उघडं राहायचं, आणि उघड्या जबड्यावर बसलेला पंच वाईट. केस लांब असतील तर मागे खाली वेणी घाल. वर अंबाडा बांधलास तर हेडगार्ड डोळ्यांवर सरकतो. लेन्स लावत असशील तर सरांना आधी सांग.

लाजेबद्दलही लिहायला हवं, कारण ‘सगळे बघतात’ असं तू दोनदा लिहिलंयस. अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड पॅटरसन १९५६ मध्ये एकविसाव्या वर्षी हेवीवेटचा जगज्जेता झाला. १९६२ मध्ये सॉनी लिस्टनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं, आणि तो खोटी दाढी लावून तिथून निघून गेला. खोटी दाढी त्याने हरलो तर असावी म्हणून आधीच आणून ठेवली होती. त्या शनिवारनंतर मीही दोन आठवडे क्लबात तोंड दाखवलं नव्हतं, म्हणून हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्याला लाज वाटते तो कच्चा, असं मग मी मानणं सोडून दिलं.

तुझे सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. त्यांनाही कदाचित असंच शिकवलं गेलं असेल. शनिवारी लवकर जा आणि त्यांना बाजूला घेऊन सांग, ‘सर, मी उभी राहते, पण फक्त जॅबचे दोन राउंड, हलक्या हाताने, आणि मी हात वर केला की थांबायचं.’ बहुतेक सर ऐकतात. नाहीच ऐकलं तर त्या दिवशी फक्त बॅग मार आणि दुसरी जागा शोधायला लाग. आधी कधी पंच बसून डोकं दुखलं असेल, मळमळलं असेल, तर ते आजच डॉक्टरांना दाखव आणि ते हो म्हणेपर्यंत रिंगमध्ये पाय ठेवू नकोस.

तू पुण्यात असशील तर कळव. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघी-पाचजणी खडकीला जमतो. पहिला महिना मीच तुझ्यासमोर जॅब टाकेन.