शंबूकावर लिहिण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

शंबूकावरचा, म्हणजे तप केले म्हणून रामाने मारलेल्या शूद्र तपस्व्यावरचा, तुझा लेख आणि त्यावरून घरात झालेल्या वादाची हकिगत, दोन्ही वाचले. लेख मागे घ्यावा की अधिक कठोर करावा, असे तू विचारतोस. मला आधी एवढेच सांग, रामायणाच्या उत्तरकांडातला तो प्रसंग तू मुळातून वाचला आहेस का? लेखात त्याची खूण दिसत नाही.

ज्यांचा दाखला तू देतोस ते तेलुगू कवी आणि नाटककार त्रिपुरनेनी रामस्वामी (१८८७–१९४३) तरुणपणी अष्टावधाने करीत, म्हणजे एकाच वेळी आठ जणांच्या प्रश्नांना तोंड देत पद्य रचीत. अभिजात तेलुगू पद्य त्यांच्या जिभेवर होते. पुढे ते डब्लिनला कायदा शिकले, तेनालीला स्थायिक झाले आणि तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष असताना गंगम्मा या ग्रामदेवतेपुढचे पशुबळी थांबवण्यासाठी सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पण मला त्यांची पुस्तके अधिक महत्त्वाची वाटतात. ‘सूतपुराणा’त त्यांनी पुराणांची चिरफाड केली ती पद्यात, पुराणाच्याच घाटात. ‘शंबूकवध’ नाटकात पुरोहितांचा दबाव रामाच्या हातून तपस्व्याला मारवतो, आणि ‘कुरुक्षेत्र संग्राम’मध्ये कौरवांचा राज्यावरचा हक्क एखाद्या वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तसा मांडलेला आहे. पंडित संतापले, परंतु या माणसाने ग्रंथ वाचलेले नाहीत असे त्यांना म्हणता आले नाही. रामस्वामींच्या विरोधाला वजन आले ते इथून. म्हणून पुन्हा सांगतो, मूळ वाच.

केवळ खंडन करूनही ते थांबले नाहीत. संस्कृत मंत्रांऐवजी तेलुगूत विवाहविधी रचून त्यांनी स्वतः लग्ने लावली. आपल्याकडे सत्यशोधकांनी भटजीविना लग्ने लावली होती, त्यामुळे या कामाला किती धैर्य लागते हे तुला समजावून सांगण्याची गरज नाही.

मूळ ग्रंथ वाचून होईपर्यंत मी लिहीत नसे, म्हणून चळवळीतल्या सोबत्यांनी मला भित्रा ठरवले आणि काही मैत्र्या कायमच्या तुटल्या. त्याचे दुःख आजही होते, तरीही माझा हट्ट योग्यच होता असे मी मानतो, कारण ज्याने वाचलेले नाही त्याचा राग प्रतिपक्षाला फार सोयीचा असतो. घरच्यांची मने दुखावतील का, हा प्रश्न तू पत्रात वारंवार विचारतोस. तो नंतरचा आहे. आधी वाच!

संस्कृत येत नसेल तर मराठी भाषांतर शेजारी ठेव, पण श्लोक डावलू नकोस. शंबूक रामाला काय उत्तर देतो आणि त्याच्या वधानंतर देव काय म्हणतात, एवढे टिपून मला पाठव. मग लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदावर बोलू. तिथे माझे तुझ्याशी गंभीर मतभेद आहेत.

तुझा,
एक जुना वाचक