मुलासमोर वजनाचा विषय कसा काढायचा

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर मनातून गेला नाही. ९ वर्षांचा मुलगा, दवाखान्यात चारचौघांसमोर डॉक्टर म्हणाले, "काय खायला घालता याला? हत्ती झालाय नुसता." आता दवाखान्याचं नाव काढलं की त्याचं पोट दुखतं, आणि परवा रात्री त्यानं तुम्हाला विचारलं, "आई, मी जाड आहे का गं?" मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून १९ वर्षं काम करते, त्यातली बहुतेक वर्षं मुलांसोबत. आधी एवढंच सांगते की त्याचं पोट खरंच दुखतं. नाटक म्हणून त्याला रागवू नका.

आपल्याकडे पोर दोन-तीन वर्षांचं असेपर्यंत सगळे गाल ओढतात. बाळसं धरलंय, गुटगुटीत आहे, खात्यापित्या घरचं दिसतंय! शाळेत जायला लागलं की त्याच अंगाला ढोल्या, ढब्बू म्हणायला लागतात. मधल्या काळात त्या लेकरानं काय गुन्हा केला?

लाज वाटली की मूल सुधारेल, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. तसं होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दोन हजारांहून जास्त मुलींची माहिती तपासली. १० व्या वर्षी ज्यांना घरच्यांनी, मैत्रिणींनी किंवा शिक्षकांनी "तू फार जाड आहेस" म्हटलं होतं, त्यांच्यात १९ व्या वर्षी लठ्ठपणा जास्त आढळला. सुरुवातीचं वजन हिशेबात धरूनही हा फरक राहिला. माझ्याकडे येणारी मुलंही तेच सांगतात. चिडवलं की ती मैदानावर जायची बंद होतात आणि लपून खातात.

एक मुलगी मला विसरता येत नाही. सहावीत असेल. काट्यावर चढायच्या आधी तिनं चपला काढल्या, मग घड्याळ, आणि शेवटी केसातली क्लिप काढून आईच्या हातात दिली. आई म्हणाली, "क्लिपनं काय फरक पडणार आहे गं?" तोवर मीही आकडा मोठ्यानं वाचत होते, बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असा. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून काटा पडद्याआड आहे. आकडा मी फक्त कागदावर लिहिते, आणि आधी मुलाला विचारते, "आपण तुझ्या वजनाबद्दल बोललो तर चालेल का?"

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये याच विषयावर निवेदन काढलं. 'वजन', 'बीएमआय' (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) असे साधे शब्द वापरा, आणि 'लठ्ठ मूल' न म्हणता 'लठ्ठपणा असलेलं मूल' म्हणा, असं त्यात सांगितलंय. मराठीत हे अवघड नाही. दमा असलेल्या पोराला आपण दमेकरी म्हणून हाक मारत नाही. तरी 'लठ्ठ' हा शब्द आपल्या शाळांमधून शिवीसारखा फिरतो, म्हणून मुलासमोर मी तोही टाळते. "तुझं वजन उंचीच्या जरा पुढे पळतंय, उंचीला गाठू दे," असं म्हटलं की मुलांना नीट कळतं. त्यात खोटंही काही नाही. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तिथं रोखून धरणं आणि उंची वाढू देणं एवढंच ध्येय असतं.

पण म्हणून विषयच काढायचा नाही, असंही करू नका. बीएमआय भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यावर वय आणि मुलगा-मुलगी बघून मांडायला सांगा. मोठ्यांचे आकडे मुलांना थेट लावत नाहीत. रात्री घोरतो का, कंबर किंवा गुडघा दुखतो का, लंगडतो का, हे डॉक्टरांना सांगा. आणि त्याची मान बघा. मानेवर काळी, मखमलीसारखी जाडसर कातडी दिसत असेल तर तो मळ नाही. पुष्कळदा ती शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. कितीतरी आया ती मान बेसन लावून, काथ्यानं घासून लाल करतात आणि वर "अंघोळ नीट करत नाहीस" म्हणून ओरडतात. त्या मुलांच्या माना बघून मला रडू येतं. दाखवा ती डॉक्टरांना, घासू नका.

घरात नियम सगळ्यांना एकच. दादाला भडंग आणि याला काकडी, असं ताट कधी वाढू नका. भडंग आणलं तर सगळ्यांना वाटीभर, नाही आणलं तर कुणालाच नाही. चहाबरोबरची बिस्किटं सगळ्यांचीच बंद. संध्याकाळी तासभर सगळे घराबाहेर. त्याला एकट्याला पळायला लावू नका, तुम्हीही चाला. आजी लाडानं 'ढब्बू' म्हणत असतील तर त्यांना शांतपणे सांगा, "आई, त्याच्या मनाला आता ते लागतं, नावानंच हाक मारा." बहुतेक आज्या ऐकतात.

पुढच्या वेळी आत जायच्या आधी डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी द्या: "वजन मोठ्यानं सांगू नका. खाण्याबद्दल माझ्याशी बोला, त्याला टोमणे नकोत." डॉक्टरांना वाईट वाटलं तर वाटू दे. दोनदा सांगूनही तेच झालं तर डॉक्टर बदला, उपचार बंद करू नका.

आता त्याचा प्रश्न. "नाही रे, कोण म्हणतं!" असं उत्तर देऊ नका. त्याला आरसा दिसतो, आणि मग तो तुम्हाला पुन्हा काही विचारणार नाही. आधी विचारा, "तुला कोण म्हणालं?" तो बोलेल तेवढं ऐका, मध्ये उपदेश नको. मग म्हणा, "तुझं वजन वयाच्या मानानं जास्त आहे, त्याचं काय करायचं ते आपण सगळे मिळून बघतोय. पण तुला चिडवणं चूक आहे, आणि ते मी बाईंना सांगणार आहे."

आणि बाईंना त्याच आठवड्यात भेटा, तो वर्गात नसताना.